परत येणार ना?
(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या सांताक्रूझ पूर्वेला परदेशी शिक्षणाचा सगळा कारभार चार-पाच किलोमीटरच्या परिघात आटोपतो. मुंबई विद्यापीठाचा कलिना परिसर इथेच. ट्रान्सक्रिप्ट हवी म्हणून मुले तिथे खेटे घालतात. तिथून रिक्षेने थोडे पुढे गेले की वांद्रे-कुर्ला संकुलात अमेरिकेची वकिलात, २०११ च्या नोव्हेंबरपासून. आणि विमानतळ तर आमच्या उशाशीच. कागद, परवानगी आणि प्रयाण, तिन्ही एकाच उपनगराच्या अंगणात.

मी नोकरी केली एका बँकेत, परकीय चलनाच्या टेबलावर. निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, पण इमारतीतले आईवडील अजूनही मलाच गाठतात. प्रश्न ठरलेला. ‘काका, मुलाला कॅनडात बिझनेस मॅनेजमेंटला प्रवेश मिळालाय. स्टडी परमिट मिळण्याचे चान्सेस किती?’

चान्सेस किती, हे टक्क्यांत सांगता येते. सांगेनही. पण त्या टक्क्यांच्या मागे एक फार जुना प्रश्न उभा आहे आणि तो कॅनडाने शोधून काढलेला नाही. शिकायला बाहेर निघालेल्या प्रत्येक मराठी मुलामुलीला तो गेली सव्वाशे-दीडशे वर्षे कुणी ना कुणी विचारतोच आहे. विचारणारा तेवढा बदलत गेला. आज त्या विचारणाऱ्यांविषयीच बोलायचे आहे.

सुरुवात १८८३ पासून करू. आनंदीबाई जोशी अमेरिकेला निघाल्या तेव्हा त्यांना व्हिसा लागला नाही. त्या काळी हिंदुस्थानातून अमेरिकेत शिकायला जाणाऱ्याला कुठल्याही वकिलातीच्या दारात उभे राहावे लागत नसे. मग परवानगी कुणाची? समाजाची. गोपाळराव तेव्हा बंगालमध्ये श्रीरामपूरला टपाल खात्यात होते. तिथल्या कॉलेजच्या सभागृहात २४ फेब्रुवारी १८८३ रोजी आनंदीबाईंनी भाषण केले. अमेरिकेलाच का, इथे शिकण्याची सोय नाही का, एकटीच का, जातीने वाळीत टाकले तर काय, असे लोकांचे प्रश्न त्यांनी एकेक करून घेतले आणि उत्तरे दिली. हिंदू म्हणून जाईन, हिंदू म्हणूनच परत येईन आणि आपल्या बायकांवर उपचार करीन, हा त्याचा आशय. वय अठराही पूर्ण नव्हते. आज मुले कन्सल्टंटला पैसे देऊन ‘स्टेटमेंट ऑफ पर्पज’ लिहून घेतात. आनंदीबाईंचे ते भाषण म्हणजे तेच होते, फक्त समोर कॉन्सुलऐवजी शंभर डोळे वटारलेली माणसे बसलेली.

७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या. १८८६ साली पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून एम.डी. झाल्या आणि सांगितल्याप्रमाणे परत आल्या. पण क्षयाने पोखरून आल्या. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या गेल्या. वचन पाळले गेले, आणि ज्यासाठी वचन दिले ते मात्र करायला मिळाले नाही.

त्या काळी परत येणाऱ्या पुरुषांचेही सोपे नव्हते. समुद्र ओलांडला म्हणून प्रायश्चित्त घ्या, नाहीतर पंक्तीला बसू नका. म्हणजे जाण्याची परवानगी एकीकडे आणि परतण्याची परवानगी वेगळी! असो.

दुसरा प्रश्न पैशांचा. जमशेटजी टाटांनी १८९२ साली उच्च शिक्षणासाठी निधी काढला, त्यातून परदेशी जाणाऱ्यांना मदत मिळू लागली. पहिल्या दोन मानकरी डॉक्टर स्त्रिया होत्या, फ्रेनी कामा आणि आपल्या कोल्हापूरच्या कृष्णाबाई केळवकर. मला या निधीतली एक गोष्ट फार आवडते. ते पैसे दान नव्हते, कर्ज होते. कमवायला लागल्यावर फेडायचे, म्हणजे त्याच पैशांवर पुढचा जातो. जमशेटजी व्यापारी होते. मुलगा परत येईल का, यापेक्षा पैसे परत येतील का, हा हिशेब त्यांना जास्त कळत असावा. एका अर्थी तो हिशेबच जास्त माणुसकीचा होता.

पुढे इंग्रज सरकारला विद्यार्थ्यांची भीती वाटू लागली. १९०६ साली विनायक दामोदर सावरकर लंडनला गेले ते श्यामजी कृष्णवर्मांच्या शिष्यवृत्तीवर, टिळकांच्या शिफारशीने. त्या शिष्यवृत्तीची अट पाहण्यासारखी आहे. शिकून झाल्यावर इंग्रज सरकारची नोकरी करायची नाही! १९०९ च्या जुलैत मदनलाल धिंग्रांनी कर्झन वायलीला गोळ्या घातल्या आणि लंडनमधला प्रत्येक हिंदी विद्यार्थी संशयाच्या भोवऱ्यात आला. सावरकर परीक्षा उत्तीर्ण झाले होते, तरी ग्रेज इनने त्यांना बॅरिस्टरीची सनद दिली नाही. सरकारने हिंदी विद्यार्थ्यांना सल्ला आणि माहिती द्यायला लंडनमध्ये एक कचेरी उघडली. विद्यार्थी म्हणत, ही माहिती देत नाही, घेते. थोड्याच वर्षांत पहिले महायुद्ध आले, प्रवासाला पासपोर्ट सक्तीचा झाला आणि १९२० साली हिंदुस्थानचा पासपोर्ट कायदा झाला. तोवर तिकीट काढून बोटीत बसणारा माणूस आता कागद दाखवणारा माणूस झाला.

याच कालखंडात बाबासाहेब आंबेडकरांचे शिक्षण झाले, आणि माझ्या विषयाला याच्याइतके चपखल दुसरे उदाहरण नाही. ४ जून १९१३ रोजी त्यांनी बडोदा संस्थानाशी करार केला. सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती, महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षे. त्या बदल्यात परत आल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी. जुलैत ते न्यूयॉर्कला पोचले. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्रात १९१५ साली एम.ए. केले, मग १९१६ च्या ऑक्टोबरात लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन. तिथे शिष्यवृत्तीची मुदत संपली. १९१७ साली सगळे अर्धे टाकून त्यांना परतावे लागले. महायुद्ध चालू, सामानाची बोट पाणबुडीने बुडवली, पुस्तके समुद्रात गेली.

पण जाताना लंडन विद्यापीठाने त्यांना एक परवानगी दिली होती. चार वर्षांच्या आत परत या, अभ्यास जिथे सोडला तिथून सुरू करता येईल.

ते कराराप्रमाणे बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. आणि बडोद्यात काय झाले ते आपल्याला ठाऊक आहे. राहायला जागा मिळेना, हाताखालचे लोक कागद दुरून टाकत. परत येईन असे लेखी देऊन गेलेला माणूस परत आला, तर त्याच्या गावाला तो नको होता. ‘मायदेशी तुमचे पाश कोणते?’ असा प्रश्न आज वकिलातीत विचारतात तेव्हा मला हे आठवते. घर, जमीन, माणसे म्हणजे पाश असतील, तर १९१७ सालच्या बडोद्यात बाबासाहेबांकडे सिद्ध करण्यासारखा एकही पाश नव्हता. त्यांचे परतणे कशात होते, ते कुठल्याच अर्जाच्या रकान्यात मावणारे नव्हते.

मग ते मुंबईत आले. नोव्हेंबर १९१८ पासून मार्च १९२० पर्यंत सिडनहॅम कॉलेजात राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक. सिडनहॅम म्हणजे १९१३ साली निघालेले, आशियातले पहिले म्हणून ओळखले जाणारे वाणिज्य महाविद्यालय. आजच्या भाषेत म्हणायचे तर मुंबईच्या पहिल्या बिझनेस कॉलेजातल्या पगारातून शिल्लक टाकून त्यांनी लंडनचे पैसे जमवले. उरलेली भर शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांचे कर्ज. चार वर्षांची मुदत उलटायच्या आत, १९२० च्या जुलैत, ते पुन्हा निघाले. १९२१ ला एम.एस्सी., १९२३ ला डी.एस्सी. रुपयाच्या प्रश्नावरचा तो प्रबंध आजही वाचला जातो.

इथे जरा अमेरिकेकडे वळू, कारण आजच्या नियमांची पाळेमुळे तिथे आहेत. १९१७ च्या कायद्याने अमेरिकेने आशियाच्या मोठ्या भागातून येणाऱ्यांना दार बंद केले. विद्यार्थ्यांना मात्र सूट ठेवली. शंतनुराव किर्लोस्कर १९२२ साली एम.आय.टी.ला शिकायला गेले ते याच सुटीच्या फटीतून. १९२४ च्या कायद्याने विद्यार्थ्याची व्याख्याच केली. वय किमान पंधरा, हेतू फक्त शिक्षण, आणि संस्था सरकारमान्य. आज कॅनडाचा अर्ज भरताना ‘मान्यताप्राप्त संस्था’ असा रकाना येतो ना, त्या कल्पनेचा हा पणजोबा. १९५२ साली अमेरिकेने आणखी एक गोष्ट घातली. ज्या घराचा त्याग करण्याचा इरादा नाही असे घर विद्यार्थ्याचे परदेशात असले पाहिजे. त्याच कायद्याचे २१४-ब हे कलम म्हणते की, व्हिसा मागणारा प्रत्येक जण कायमचा राहायलाच आलेला आहे असे धरून चाला. तसे नाही हे त्याने पटवून द्यावे. आपल्या कोर्टात आरोपीला निर्दोष धरून चालतात. इथे उलटे.

पण त्या काळच्या भारतीय विद्यार्थ्याला हे कलम फारसे नडले नाही. त्याआधीच त्याला आपल्या रिझर्व्ह बँकेने अडवलेले असे!

या भागाविषयी मी जरा अधिकाराने बोलू शकतो. परकीय चलनावर नियंत्रण आले १९३९ च्या सप्टेंबरात, युद्धामुळे. युद्ध संपले, नियंत्रण राहिले. १९४७ साली त्याचा कायदा झाला. १९५७ च्या सुमाराला परकीय गंगाजळी आटली आणि शिक्षणासाठी डॉलर-पौंड मागणाऱ्याची कसून चौकशी होऊ लागली. हा अभ्यासक्रम देशात मिळत नाही का? देशाला त्याचा उपयोग काय? ‘पी फॉर्म’ मंजूर झाल्याशिवाय विमान कंपनी तिकीट देत नसे. सांताक्रूझ विमानतळावरून तेव्हा आंतरराष्ट्रीय विमाने सुटत. एअर इंडियाची न्यूयॉर्क सेवा १९६० च्या मे महिन्यात सुरू झाली. हारतुऱ्यांत बुडालेला मुलगा, त्याला पोचवायला आलेली पंधरावीस माणसे, आणि त्याच्या खिशात मोजून आठ डॉलर. ही आठ डॉलरांची गोष्ट त्या पिढीतला जो तो सांगतो आणि ती खरी आहे.

पासपोर्टसुद्धा तेव्हा हक्काने मिळत नसे, सरकारच्या मर्जीवर होता. १९६७ च्या एप्रिलमध्ये सतवंतसिंग साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परदेशी जाणे हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग ठरवला आणि त्याच वर्षी नवा पासपोर्ट कायदा झाला. हे साहनी कुणी विद्यार्थी नव्हते, व्यापारी होते. त्यांच्या भांडणाचा फायदा विद्यार्थ्यांच्या पिढ्यांना झाला.

या चलनटंचाईचा एक परिणाम लोकांच्या लक्षात येत नाही. कोण गेले आणि कोण राहिले, हे त्यातून ठरले. इंजिनिअरिंग किंवा रसायनशास्त्रात एम.एस., पीएच.डी. करणाऱ्याला अमेरिकन विद्यापीठ असिस्टंटशिप देई, म्हणजे त्याला रिझर्व्ह बँकेकडे फार हात पसरावे लागत नसत. एम.बी.ए. करणाऱ्याला विद्यापीठ बहुधा काही देत नाही; तो शिक्षणाचा ग्राहक असतो. म्हणून आपल्याकडून प्रयोगशाळेत काम करणारे गेले, धंदा शिकणारे फारसे गेले नाहीत. धंद्याची विद्या उलट इकडे आणली गेली. १९६१ साली कलकत्ता आणि अहमदाबादच्या आय.आय.एम., त्यातल्या अहमदाबादला हार्वर्डचे साहाय्य. १९६५ साली मुंबईत जमनालाल बजाज संस्था, तिला स्टॅनफर्डचे. हे धोरण माझ्या मते शहाणपणाचे होते, आठ डॉलरांचे मात्र नव्हते.

ते दार उघडायला १९९१ नंतरची दहा-बारा वर्षे लागली. २००० च्या जूनमध्ये जुना चलन कायदा जाऊन ‘फेमा’ आला. २००१ मध्ये बँकांची शैक्षणिक कर्जाची आदर्श योजना आली. २००४ च्या फेब्रुवारीत कुणालाही वर्षाला पंचवीस हजार डॉलर बाहेर पाठवायची मुभा मिळाली. आज ती मर्यादा अडीच लाख आहे. आपल्या सरकारने विचारणे सोडले. देशाला उपयोग काय, परत येणार का, काही नाही. आता मध्यमवर्गीय घरातला बी.कॉम. झालेला मुलगा फ्लॅट तारण ठेवून बिझनेस शिकायला जाऊ शकत होता.

आणि तेव्हापासून तोच प्रश्न समोरच्या काउंटरवरून येऊ लागला.

आधी ब्रीच कँडीला लिंकन हाऊससमोर, मग वांद्रे-कुर्ला संकुलात, पहाटेपासून उभ्या राहणाऱ्या रांगा आपण पाहिल्या. तिथे निदान माणूस समोर असतो. कॅनडात तेही नाही. बहुतेक अर्जांना मुलाखत नसते. अधिकारी संगणकावर कागद वाचतो. २०१८ पासून ‘चिनूक’ नावाचे साधन आहे, त्यात अनेक अर्जांची माहिती तक्त्यासारखी एकत्र मांडून येते. कायदा त्याला सांगतो की, मुदत संपल्यावर हा विद्यार्थी देश सोडेल याची खात्री पटली तरच परमिट दे. तोच कायदा असेही म्हणतो की, पुढेमागे कायम राहण्याची इच्छा असणे हा गुन्हा नाही. आता गंमत पाहा. शिका, काम करा, स्थायिक व्हा, ही वाट कॅनडाने स्वतःच जगाला दाखवली. तिला भुलून मुलगा अर्ज करतो आणि अर्जात लिहितो, मी परत येणार. दोन्ही बाजूंना खरे काय ते माहीत असते.

बिझनेसच्या अर्जदाराला यात जास्त टोचते. नर्सिंग किंवा सुतारकाम शिकणाऱ्याला ‘हाच कोर्स का’ असे कुणी फारसे विचारत नाही. पण इथे एम.बी.ए. झालेली मुलगी तिथे वर्षाच्या मॅनेजमेंट डिप्लोम्याला अर्ज करते, तेव्हा अधिकाऱ्याच्या भुवया वर जातात. हे तर तू शिकलीस, मग पुन्हा कशाला? त्यात तो नेहमीच चूक असतो असे मी म्हणणार नाही. अनेक कॉलेजांतले ते डिप्लोमे शिक्षणापेक्षा दरवाजा म्हणूनच विकले गेले, आणि विकणाऱ्यांत आपले एजंटही होते. २०२३ साली कॅनडाला दीड हजारांहून जास्त अर्जांत प्रवेशाची पत्रेच बनावट सापडली. त्यातली बहुतेक भारतातली.

मग दार आवळले गेले. घरात दाखवायचा एका विद्यार्थ्याचा राहण्याचा खर्च, फी सोडून, दहा हजार कॅनेडियन डॉलर होता. १ जानेवारी २०२४ पासून तो २०,६३५ झाला, सप्टेंबर २०२५ पासून २२,८९५. २२ जानेवारी २०२४ रोजी परमिटांच्या संख्येवर मर्यादा जाहीर झाली, प्रांताचे पत्र आवश्यक झाले. भारतासारख्या देशांसाठी असलेली जलद वाट ८ नोव्हेंबर २०२४ रोजी बंद झाली. आणि आता ते टक्के. कॅनडाच्या खात्यानेच दिलेल्या आकड्यांप्रमाणे ऑगस्ट २०२३ मध्ये भारतीयांचे सुमारे ३२ टक्के अर्ज नाकारले गेले होते. ऑगस्ट २०२५ मध्ये सुमारे ७४ टक्के. अर्ज करणारेही वीस हजारांवरून साडेचार हजारांवर आले.

चारातले तीन नापास, हे ऐकून घरात सुतक पडते. पण ७४ हा एका महिन्याचा, सगळ्या भारतीय अर्जांचा मिळून आकडा आहे. त्यात बनावट कागदवाला आहे, कर्ज मंजूर नसलेला आहे, न वाचता सही केलेला आहे आणि प्रामाणिक मुलगाही आहे. पावसाळ्यात मुंबईत सरासरी किती पाऊस पडतो, यावरून आमच्या मिलन सबवेत आज पाणी भरेल का ते कळत नाही. मी आईवडिलांना सांगतो, टक्के विचारू नका, कागद दाखवा. पैसे कुठून आले याचा सलग माग आहे का? काल खात्यात पडलेली मामाची रक्कम ही माग नव्हे. हा कोर्स आधीच्या शिक्षणाच्या पुढे जातो का मागे? आणि परत आल्यावर काय करणार, हे मुलाने स्वतःच्या शब्दांत लिहिले आहे का?

शेवटचे सर्वांत अवघड. बावीस वर्षांच्या मुलाकडे पाश कुठून असणार? लग्न नाही, घर बापाच्या नावावर, नोकरी वर्षाची. जे वयाने अजून तयारच झालेले नाही त्याचा पुरावा मागितला जातो. आनंदीबाईंकडे शब्दच होता, बाबासाहेबांकडे सही केलेला करार होता. दोघेही आले, आणि दोघांच्याही येण्याचा पुरावा जाण्याआधी कुणाला दाखवता आला नसता.

अलीकडे एक फरक मात्र नीट समजून घेण्यासारखा झाला आहे. नोव्हेंबर २०२४ पासून कॅनडाच्या कॉलेजातला डिप्लोमा करून तिथे कामाचा परवाना हवा असेल तर विषय ठरावीक यादीतला लागतो, आणि बिझनेस मॅनेजमेंट त्या यादीत नाही. विद्यापीठाची पदवी किंवा एम.बी.ए. घेणाऱ्याला विषयाची ही अट नाही. शिवाय १ जानेवारी २०२६ पासून सरकारी विद्यापीठांतल्या मास्टर्सच्या विद्यार्थ्यांना प्रांताचे पत्र लागत नाही, ते मर्यादेच्या बाहेर काढले आहेत. म्हणजे ‘बिझनेसला जातोय’ या एकाच वाक्याखाली आता दोन निराळ्या रांगा आहेत. परवा माझ्याकडे आलेल्या जोडप्याच्या हातातले पत्र मी उलटून पाहिले. कॉलेज खासगी होते, कोर्स एक वर्षाचा डिप्लोमा. फी भरायची शेवटची तारीख पुढच्या शुक्रवारची होती. मी त्यांना म्हटले, शुक्रवार जाऊ द्या.